लॉ जर्नलला शोधनिबंध पाठवताना: बेलापूरच्या फाइलपासून प्रूफपर्यंत

ठाण्यात किंवा नवी मुंबईत वकिली करणारे, एलएलएम-पीएचडी करणारे, विधी महाविद्यालयात शिकवणारे लोक लेख लिहायचं ठरवतात तेव्हा पहिला विषय सुचतो तो खासगीपणाचा अधिकार, नाहीतर फाशीची शिक्षा. विषय महत्त्वाचेच आहेत, पण त्यांवरचे लेख संपादकांकडे ढिगाने येतात आणि त्यातले बरेचसे परीक्षकापर्यंत पोहोचतही नाहीत. इकडे बेलापूरला सिडकोच्या आणि ठाणे-रायगडच्या महसूल कार्यालयांत भूसंपादनाचे निवाडे, ताबेपावत्या, साडेबारा टक्के योजनेतले (संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याची योजना) पात्रतेचे वाद अशा फायली पडून आहेत. त्यातला बराच मजकूर मराठीत आहे. बाहेरच्या संशोधकाला तो वाचायला दुभाष्या लागतो, तुम्हाला लागत नाही. इथल्या लेखकाने जर्नलकडे जाताना हाच माल घेऊन जावं असं आमचं ठाम मत आहे.

पुढे एकच उदाहरण धरून चालू: २०१३च्या भूसंपादन कायद्याचं कलम २४(२) आणि नवी मुंबईतले जुने निवाडे.

आधी एक वाक्य

लिहायला बसण्याआधी कागदावर हे वाक्य पुरं करा: 'या लेखात माझं म्हणणं असं आहे की ..., कारण ...' 'कलम २४(२)चा अभ्यास' हे म्हणणं नव्हे. 'जुन्या पंचनाम्यावरून ताबा सिद्ध होतो का हे तपासताना पंचांच्या सह्या, जागेचं वर्णन आणि प्रत्यक्ष वहिवाट यांना क्रमाने वजन दिलं पाहिजे, कारण नुसत्या कागदावर विसंबलं तर शेतकऱ्याला उलट पुरावा देणं अशक्य होतं' हे म्हणणं झालं. ते टिकतं की नाही हे निकाल वाचल्यावर कळेल. टिकलं नाही तर वाक्य बदला, निकाल वाकवू नका.

याच कलमात एका शब्दाने केवढा फरक पडला ते बघा. हा कायदा लागू होण्याच्या पाच वर्षं किंवा त्याहून आधी निवाडा झाला असेल आणि जमिनीचा प्रत्यक्ष ताबा घेतला नसेल 'किंवा' मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द होईल असं कलम म्हणतं. २०१४ मध्ये पुणे महानगरपालिका विरुद्ध हरकचंद मिसिरीमल सोळंकी या प्रकरणात, सरकारी तिजोरीत ठेवलेली रक्कम म्हणजे 'दिलेला' मोबदला नव्हे असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. ६ मार्च २०२० रोजी इंदोर डेव्हलपमेंट अथॉरिटी विरुद्ध मनोहरलाल या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल मोडीत काढला. तो 'किंवा' 'आणि'सारखा वाचायचा, म्हणजे ताबाही घेतलेला नाही आणि मोबदलाही दिलेला नाही तरच संपादन व्यपगत होतं, असं ठरलं. आजही २०१४चा निकाल चालू कायदा म्हणून सांगणारे लेख येतात. परीक्षकाने तेवढं एक पान पाहिलं की पुढचं वाचायची त्याला गरज उरत नाही. म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात प्रत्येक निकाल पुन्हा उघडा आणि तो नंतर उलटवला, लागू होत नाही म्हणून वेगळा काढला की मोठ्या पीठाकडे पाठवला, ते बघा.

फौजदारी विषयांत हीच चूक तारखेमुळे होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते. लेखातल्या सगळ्या ३०२ च्या (खुनाच्या जुन्या कलमाच्या) जागी 'फाइंड-रिप्लेस' करून १०३ टाकलं की २०१९च्या घटनेला २०२४चं कलम लागलेलं दिसतं.

कागद मिळवणं

सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता ई-एससीआर या न्यायालयाच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र पायपीट आहे. महसूल खात्याचे आणि सिडकोचे कागद माहिती अधिकारात मागा: अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. न्यायालयाच्या नोंदी या वाटेने मागू नका, तिथे रीतसर नकलेचा अर्ज करावा लागतो. तुम्ही पक्षकार नसाल तर नक्कल कशासाठी हवी तेही सांगावं लागतं. लेखाच्या वेळापत्रकात यासाठी दोन-तीन महिने धरा.

शोधताना तीन गोष्टी नडतात. पहिली, जुन्या इंग्रजी निकालांत ठाणे हे 'ठाणा' असं लिहिलेलं असतं आणि रायगड जिल्हा १९८१पर्यंत 'कुलाबा' होता. नवी नावं टाकून शोधलं तर १९७०च्या दशकातली निम्मी प्रकरणं हाताला लागणार नाहीत. दुसरी, नवी मुंबई प्रकल्प दोन जिल्ह्यांत आहे: ठाणे तालुका ठाण्यात, पनवेल आणि उरण रायगडात. म्हणून अलिबागलाही खेप घालावी लागते. फाइलवर 'मेट्रो सेंटर' दिसलं तर ते भूसंपादन कार्यालयाचं नाव आहे, रेल्वेशी त्याचा संबंध नाही. इंग्रजी लेखात हे एका तळटिपेत सांगा. तिसरी गोष्ट सगळ्यात घातक. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१२ आणि २०१८चे 'ठाणे जिल्ह्याचे' आकडे शेजारी ठेवून 'प्रकरणं घटली' असा निष्कर्ष काढला तर तो निष्कर्ष नकाशा बदलल्याचा असतो, न्यायव्यवस्थेचा नसतो. तालुकावार आकडे घ्या, किंवा तुलना २०१४ नंतरचीच करा.

सातबारा, फेरफार, जबाब यांत माणसांची नावं असतात. लेखाला ती लागत नसतील तर 'खातेदार क' असं लिहा. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे, आणि ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. गाव, शाळा, नातं यांवरूनही माणूस ओळखू येतो.

मराठी कागद इंग्रजी लेखात

कायद्याची बहुतेक जर्नल्स इंग्रजीत निघतात, म्हणून भाषांतराचा प्रश्न येतोच. नियम असा ठेवा: मूळ मराठी वाक्य तळटिपेत, भाषांतर मजकुरात, आणि 'भाषांतर लेखकाचे' असा शेरा. भाषांतर दुसऱ्या कुणाला वाचायला द्या, शक्यतो महसूल खात्यातली मराठी जाणणाऱ्याला.

शब्दांत गल्लत होते ती अशी. 'निवाडा' म्हणजे भूसंपादन अधिकाऱ्याचा अवॉर्ड. त्याला जजमेंट लिहिलं की तो न्यायाधीशाने दिला असं वाचकाला वाटतं. 'ताबा' म्हणजे पझेशन, इथवर ठीक. पण 'वहिवाट'चं काय करणार? पंचनाम्यात 'ताबा घेतला' आणि चार ओळींखाली 'जमिनीत भाताची वहिवाट दिसून येते' असं असेल, तर आपल्या उदाहरणातला सगळा वाद त्या दोन शब्दांत आहे. दोन्हींना पझेशन म्हटलंत तर वादच पुसला जातो. अशा वेळी 'वहिवाट' हा शब्द रोमन लिपीत तिरक्या अक्षरांत तसाच ठेवा आणि पहिल्या वेळी अर्थ सांगा: जमिनीचा चालू प्रत्यक्ष वापर, मग कागदावर ताबा कुणाचाही असो.

शासन निर्णयाचा संदर्भ देताना विभाग, निर्णय क्रमांक, दिनांक आणि असल्यास संगणक सांकेतांक, असं सगळं द्या. सांकेतांक तारखेपासून सुरू होतो आणि त्यावरून निर्णय पटकन सापडतो. जुन्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला की बऱ्याचदा अगम्य चिन्हं उमटतात, कारण तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतो. तो हाताने टाइप करा आणि मूळ पानाशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. लेखच मराठी जर्नलला द्यायचा असेल तर सुरुवातीपासून युनिकोडमध्ये लिहा.

तळटिपा

परीक्षक आधी तळटिपा चाळतो. त्या नीट असतील तर मजकुराकडे विश्वासाने बघतो. म्हणून या कामाला लेखनाइतकाच वेळ द्या.

जर्नल कोणती पद्धत मागतं ते आधी बघा. आपल्याकडे ब्लूबुक, ऑस्कोला आणि इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची पद्धत जास्त चालते. फरक बारीक असतात, पण पकडले जातात. आपलाच निकाल घेऊ (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' हा छापील निकालसंग्रह):

ऑस्कोला: इंदोर डेव्हलपमेंट अथॉरिटी वि मनोहरलाल (२०२०) ८ एससीसी १२९ [३६६]

ब्लूबुक: इंदोर डेव्ह. ऑथ. वि. मनोहरलाल, (२०२०) ८ एससीसी १२९, ¶ ३६६ (इंडिया).

ऑस्कोलात 'वि'नंतर टिंब नाही, नावानंतर स्वल्पविराम नाही, परिच्छेद चौकटी कंसात, पक्षकारांची नावं तिरकी. ब्लूबुकमध्ये टिंब, स्वल्पविराम, शब्दांचे ठरलेले संक्षेप, शेवटी देशाचं नाव, आणि तळटिपेतल्या पूर्ण संदर्भात नावं सरळ अक्षरांत. 'सुप्रा' (म्हणजे 'वर दिलेला') हा शब्द ब्लूबुकमध्ये पुस्तकं आणि लेखांसाठी आहे, निकाल आणि कायद्यांसाठी नाही. सवयीने तो निकालालाही लावला जातो.

३६६ हा परिच्छेद एससीसीचा आहे. न्यायालयाच्या संकेतस्थळावरच्या मूळ प्रतीत क्रमांक वेगळे असू शकतात. मूळ प्रत वाचून एससीसीचा संदर्भ दिलात तर परिच्छेद चुकतो. ज्या प्रतीतून वाचलं तिचाच क्रमांक द्या. त्याच कारणासाठी हेडनोटमधलं, म्हणजे निकालाच्या आधी छापलेल्या सारांशातलं वाक्य निकाल म्हणून उद्धृत करू नका. हेडनोट संपादकांनी लिहिलेली असते, आणि ती उचलणं हा हक्कभंगही होऊ शकतो. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा, पण संपादकांनी स्वतःच्या कौशल्याने घातलेली भर त्यांची, अशी रेघ सर्वोच्च न्यायालयाने आखली. अनेक मतं असलेल्या निकालात कोणत्या न्यायमूर्तींचं वाक्य आहे तेही लिहा. खासगीपणाच्या अधिकारावरच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींची सहा मतं आहेत. 'न्यायालय म्हणालं' एवढ्याने तिथे भागत नाही.

अलीकडच्या निकालांना तटस्थ उद्धरण क्रमांकही, म्हणजे न्यायालयाने स्वतः दिलेला क्रमांकही द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या क्रमांकात 'आयएनएससी' असतं, मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात 'बीएचसी' आणि पुढे शाखा. मूळ शाखेची हद्द मुंबई शहरापुरती असल्यामुळे ठाणे-रायगडची प्रकरणं अपील शाखेत जातात, म्हणून तिथे 'एएस' (अपेलेट साइड) दिसेल. 'ओएस' (ओरिजिनल साइड, म्हणजे मूळ शाखा) दिसलं तर क्रमांक पुन्हा तपासा.

वर्डमध्ये 'वर तळटीप १४ पाहा' हे हाताने लिहू नका. रेफरन्सेसमधलं क्रॉस-रेफरन्स वापरा. पण मध्ये नवी टीप घातली की आकडे आपोआप बदलत नाहीत. कंट्रोल-ए आणि एफ-९ दाबलं की मजकुरातले आकडे ताजे होतात, तळटिपांतले होत नाहीत. त्यासाठी कर्सर एखाद्या तळटिपेत ठेवून तेच पुन्हा करावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे अनेक लेखांत शेवटच्या फेरीनंतर वीस-वीस संदर्भ भलतीकडे बोट दाखवत राहतात.

एआयने दिलेला एकही संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय ठेवू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात माटा विरुद्ध एव्हियान्का खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड भरला. भाषा सुधारायला एआय वापरलं असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं सांगा.

लांबी आणि उसनवारी

दीर्घ लेख साधारण ८ ते १० हजार शब्दांचा, निकालावरचं भाष्य अडीच-तीन हजारांचं. तळटिपा त्यात धरायच्या की नाही हे सूचनांत असतं. ते वाचा, कारण कायद्याच्या लेखात तळटिपा सहज तीन हजार शब्द खातात. आठ हजारांच्या लेखात कायद्याचा इतिहास हजार-बाराशेच्या पुढे जाऊ नये. १८९४च्या जुन्या भूसंपादन कायद्यापासून सुरू करून अर्धा लेख तिथेच घालवणं हा नेहमीचा दोष. तुमच्या म्हणण्यावरचा सर्वांत कडक आक्षेप स्वतः मांडा आणि त्याला उत्तर द्या. आपल्या उदाहरणात तो असा येईल: चाळीस वर्षांपूर्वीचे पंच आज साक्षीला कुठून आणायचे? त्याला टाळून लेख पुढे जाऊच शकत नाही.

सारांश २०० ते २५० शब्दांचा असावा आणि तो सगळ्यात शेवटी लिहावा. सुरुवातीचं ते एक वाक्य त्यात जसंच्या तसं आलं पाहिजे.

साम्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंत चालतं, असा यूजीसीच्या २०१८च्या विनियमांचा दंडक आहे. संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, कायद्यांचे उतारे आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य माहिती त्यातून वगळली जाते. तपासणी करणाऱ्याने हे गाळण्याचे पर्याय सुरू केले नाहीत तर कलम २४चा उताराच टक्केवारी फुगवतो. म्हणून नुसता आकडा पाहू नका, अहवालातल्या रंगवलेल्या ओळी वाचा. स्वतःच्या प्रबंधातून उचललेला मजकूरही साम्यात येतो. तसं असेल तर पहिल्याच टिपेत नमूद करा.

जर्नल निवडताना

यूजीसी-केअर ही मान्य जर्नल्सची यादी फेब्रुवारी २०२५ पासून बंद आहे. तरीही 'केअर मान्यताप्राप्त' म्हणून जाहिराती फिरतात. आयएसएसएन हा फक्त आठ अंकी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. व्हॉट्सॲपवर 'तीन दिवसांत प्रकाशन, फी अमुक' असा निरोप आला की तिथे लेख देऊ नका. तीन दिवसांत कुणी परीक्षण करत नाही, आणि एकदा तिथे छापलेला लेख चांगल्या ठिकाणी पुन्हा देता येत नाही. मागचे तीन-चार अंक उघडा. लेख खरंच वाचनीय आहेत का, संपादक खरे आहेत का, अंक एससीसी ऑनलाइन, मनुपात्र, हाइनऑनलाइन यांपैकी कुठे मिळतात का, हे पाहा.

एकाच वेळी किती ठिकाणी पाठवावं? अमेरिकेतली विद्यार्थी-संपादित लॉ रिव्ह्यू एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवू देतात, बरेच लेख स्कॉलास्टिका या संकेतस्थळावरून जातात आणि प्रत्येक ठिकाणचे वेगळे पैसे पडतात. भारतातली आणि इंग्लंडमधली परीक्षित जर्नल्स बहुधा एका वेळी एकालाच द्या म्हणतात. तिथे दोन दगडांवर पाय ठेवलेला कळला की दोन्हीकडचं दार बंद होतं.

पाठवणं

साधारण तीन फायली लागतात: लेखकाचं नाव-पत्ता असलेलं मुखपृष्ठ, नाव नसलेला लेख आणि कव्हर लेटर. परीक्षण दोन्हीकडून निनावी असतं, म्हणून लेखाची फाइल पूर्ण धुऊन काढा. वर्डमध्ये फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट असं जाऊन वैयक्तिक माहिती काढा. ट्रॅक चेंजेस आणि कॉमेंट्स पुसा. आभाराची टीप मुखपृष्ठावर हलवा. 'माझ्या २०२२च्या लेखात मी दाखवलं' हे वाक्य तृतीयपुरुषी करा. फाइलच्या नावात आडनाव नको. माहिती अधिकाराच्या उत्तराची प्रत परिशिष्टात जोडली असेल तर त्यावर तुमचं नाव आणि पत्ता असतो. तो झाका.

कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे: शीर्षक, शब्दसंख्या, ते एक वाक्य, लेख इतरत्र दिलेला किंवा छापलेला नाही याची हमी, आणि हितसंबंध. शेवटचा मुद्दा वकिलांनी गंभीरपणे घ्यावा. ज्या प्रकल्पग्रस्तांच्या खटल्यात तुम्ही वकीलपत्र घेतलं आहे त्याच प्रश्नावर लिहीत असाल तर तसं सांगा. सांगितल्याने लेख परत येत नाही, लपवल्याने येतो.

तीन महिने काही कळलं नाही तर दोन ओळींची विचारणा करावी. दुरुस्त्या आल्या की तीन रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकाचं म्हणणं, तुमचं उत्तर, बदललेलं पान. पटलं नाही तिथे 'पटलं नाही' म्हणून कारण द्या. एकही मुद्दा गाळू नका. परीक्षक पहिल्यांदा तक्त्यातली रिकामी जागाच शोधतो.

स्वीकृतीनंतर हक्काचा करार येतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी असावं लागतं. त्यात मुदत नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश नसेल तर भारतापुरता धरला जातो. सही करण्याआधी स्वतःच्या प्रबंधात किंवा पुस्तकात लेख वापरायची परवानगी मागून घ्या. संपादक बहुतेक वेळा देतात.

प्रूफ आलं की मोजके दिवस मिळतात. मजकूर तर वाचाच, पण छपाईच्या मांडणीत बिघडतात त्या जागा आधी बघा: क्रॉस-रेफरन्सचे आकडे, तिरकी अक्षरं, आणि तळटिपांतला देवनागरी मजकूर. जोडाक्षरं फुटून 'पंचनामा क्र.' मधला 'क्र' वेगळा पडलेला असतो आणि मराठी न वाचणाऱ्या प्रूफरीडरला तो दिसत नाही. त्या ओळींचं चित्र काढून, बरोबर रूप शेजारी लिहून पाठवा.